जॉइन, जू आणि हापूसचं कलम

पाइपाचा जॉइंट गळतो, गुडघ्याचे जॉइंट दुखतात, मुलगा मुंबईला नोकरीवर जॉइन होतो. कोकणात हा शब्द घरचाच झाला आहे, आणि नात्याने तो तसा आहेही. इंग्रजी 'जॉइन' फ्रेंचमधून आला. फ्रेंचने तो लॅटिन 'युंगेरे'वरून घेतला. संस्कृत 'युज्' त्याच कुळातला. योग, युग्म आणि बैलांच्या मानेवरचं जू हीही त्याचीच भावंडं.

वापरताना एक चूक हमखास होते. गटात सामील होणं म्हणजे 'जॉइन द टीम'. तिथे 'जॉइन टू' नको. दोन वस्तू सांधताना मात्र 'टू' चालतं. चाललेल्या खेळात भाग घेणं म्हणजे 'जॉइन इन'.

या शब्दाचा सगळ्यात सुंदर अर्थ पाहायचा तर पावसाळ्यात आंब्याचं कोय कलम बांधताना पाहावं. रायवळ म्हणजे गावठी आंब्याचा बाठा (कोय) रुजून पंधरा-वीस दिवस झालेलं, अजून तांबूस पानांचं रोप घ्यायचं. हापूसची काडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची, डोळा फुगलेली हवी. त्यासाठी आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटतात. रोप सात-आठ सेंटिमीटरवर कापून मधोमध तीन-चार सेंटिमीटर चीर द्यायची. काडीला तेवढीच पाचर करून ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची.

सालीच्या आत पेशी वाढवणारा जेमतेम दिसेल इतका पातळ थर असतो. दोन्हीकडचे थर निदान एका बाजूला तरी जुळलेच पाहिजेत. मग जखमेतून मऊ पेशी येतात, एकमेकींत गुंततात, त्यांतून पाणी वाहणाऱ्या नळ्या तयार होतात. तोवर काडीला खालून पाणी पुरेसं मिळत नाही, म्हणून कोकणातली पावसाळी दमट हवा तिला तगवते. पण तेच पावसाचं पाणी चिरेत शिरलं की बुरशी येते, काडी काळी पडते. बोथट सुरीने पाचर ओबडधोबड झाली तर मध्ये पोकळी राहते आणि काडी सुकते.

एवढं जुळूनही खालचा खुंट रायवळच राहतो, वरची फांदी हापूसच. म्हणून जोडाखाली फुटलेला प्रत्येक धुमारा लगेच खुडायचा; ठेवला तर तो जोमाने वाढून हापूसला मागे टाकतो. रोप लावतानाही जोड मातीच्या वरच ठेवायचा.