हवाईचे फुरिकाके मिक्स: गोडी कुठली, खारटपणा कुठला

हवाई बेटांवर नाताळ जवळ आला की अनेक घरांच्या ओव्हनमधून बटर, साखर आणि शोयू (जपानी सोया सॉस) यांचा मिळून एक वास सुटतो. मोठ्या ट्रेमध्ये जाळीदार चौकोनी सीरिअल, प्रेट्झेल नावाची खारी कुरकुरीत बिस्किटे आणि मक्याचे पोकळ शंकू असतात. त्यांवर साखर-बटरचा पाक आणि फुरिकाके हा तीळ-शेवाळाचा कोरडा जपानी मसाला घालून सगळे तासभर मंद आचेवर भाजतात. गार झाले की बरण्यांत आणि झिपच्या पिशव्यांत भरून शेजारी, नातलग, मुलांचे शिक्षक यांना वाटतात. गोड, खारट आणि समुद्राची किंचित चव असलेले हे मिश्रण तिथे फुरिकाके चेक्स मिक्स किंवा नुसते फुरिकाके मिक्स म्हणून ओळखले जाते.

अमेरिकी खाऊवर जपानी मसाला भुरभुरला, असे त्याचे वर्णन बरेचदा केले जाते. ते अपुरे आहे. मूळ अमेरिकी कृतीत पाक नव्हता आणि गोडीही नव्हती. ती का आली हे कळले, तर ट्रेमध्ये काय बिघडते आणि का, हेही कळते.

फुरिकाके हा शब्द ‘फुरिकाकेरु’ म्हणजे ‘वरून भुरभुरणे’ या जपानी क्रियापदावरून आला. वाफाळत्या भातावर घालायचे हे कोरडे मिश्रण. त्यात भाजलेले तीळ, नोरी या समुद्री शेवाळाचे तुकडे, मीठ, थोडी साखर आणि पुष्कळदा कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो. त्याचा जन्म औषधी गरजेतून झाला, असे जपानमध्ये सर्वसाधारणपणे मानले जाते. तैशो काळात (१९१२–१९२६) कुमामोतोचे औषधनिर्माते योशिमारू सुएकिची यांनी लोकांच्या आहारातली कॅल्शियमची कमतरता भरून काढण्यासाठी माशांचे काटे वाळवून दळले. माशाचा वास झाकला जावा म्हणून त्यात तीळ, खसखस आणि समुद्री शेवाळ मिसळले. ‘गोहान नो तोमो’, म्हणजे ‘भाताचा सोबती’, हे त्याचे नाव. कुमामोतोचीच फुताबा कंपनी ते आजही बनवते. पुढे असे अनेक प्रकार निघाले आणि १९५९ मध्ये उत्पादकांची संघटना झाल्यावर सगळ्यांसाठी ‘फुरिकाके’ हे एकच नाव रूढ झाले. १९६० मध्ये मारुमिया कंपनीने अंडे आणि नोरी एकत्र करून ‘नोरितामा’ आणले.

हवाईतल्या जपानी वस्तीची सुरुवात याच्या कितीतरी आधीची. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. उसाचे मळे झपाट्याने वाढले आणि मजूर कमी पडू लागले. १८६८ मध्ये सुमारे दीडशे जपानी मजूर येऊन गेले होते, पण मोठी लाट आली ती ८ फेब्रुवारी १८८५ रोजी ‘सिटी ऑफ टोकियो’ हे जहाज नऊशेहून अधिक लोकांना घेऊन होनोलुलुला लागले तेव्हा. हवाई आणि जपान यांच्या सरकारांमधल्या करारानुसार मजूर तीन वर्षांसाठी बांधलेला असे. पुरुषाला महिना ९ डॉलर पगार आणि ६ डॉलर जेवणाचा भत्ता मिळे. बहुतेक मजूर हिरोशिमा, यामागुची, कुमामोतो आणि फुकुओका इथले होते. १९२० च्या जनगणनेत हवाईच्या लोकसंख्येपैकी सुमारे ४३ टक्के लोक जपानी वंशाचे होते.

या लोकांनी फुरिकाकेची बाटली बरोबर आणली, हा समज मात्र तारखांशी जुळत नाही. १८८५ मध्ये अशी बाटली अस्तित्वातच नव्हती. त्यांच्याबरोबर आली ती भातावर काहीतरी खारट घालून जेवायची सवय, शोयू आणि तांदळाचे कुरकुरीत तुकडे. हे तुकडे म्हणजे आरारे. हवाईत त्यांना काकीमोची किंवा मोची क्रंचही म्हणतात. चिकट तांदळाचे पीठ वाफवून, कुटून, वाळवून, भाजून त्यावर शोयू आणि साखरेचा मुलामा देतात. जपानी भाषेत या गोड-खारट चवीला ‘अमाकारा’ असा स्वतंत्र शब्द आहे. तेरियाकी आणि सुकियाकी या जपानी पदार्थांची चवही तीच. म्हणजे साखर आणि शोयू यांची जोडी हवाईच्या जपानी घरांत सीरिअलचा डबा येण्याच्या पुष्कळ आधीपासून होती.

तो डबा आला अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातून. राल्स्टन प्युरिना या कंपनीने १९३७ मध्ये गव्हाचे जाळीदार चौकोनी सीरिअल काढले, १९५० मध्ये तांदळाचे आणि १९५८ मध्ये मक्याचे. कंपनीच्या चौकटीचौकटींच्या बोधचिन्हावरून त्यांना ‘चेक्स’ हे नाव मिळाले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने जाहिरातींतून आणि डब्यांवरून ‘पार्टी मिक्स’ची कृती छापायला सुरुवात केली. त्यात वितळलेले बटर, वूस्टरशायर सॉस, मीठ, लसणाची चव आणि शेंगदाण्यासारखे दाणे असत. मंद ओव्हनमध्ये अधूनमधून हलवत ते भाजायचे. सीरिअल न्याहारीच्या टेबलावरून उठून पाहुण्यांपुढे आले ते या कृतीमुळे.

वूस्टरशायर सॉसमध्ये आंबवलेले अँचोव्ही मासे असतात. त्यातून येणारी मांसल, भरीव चव म्हणजे उमामी. १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी कोम्बू शेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढून या चवीला नाव दिले. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट हा तिचा दुसरा घटक सापडला. हे दोन घटक एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते, हे १९५० च्या दशकात अकिरा कुनिनाका यांनी दाखवले. शोयू आणि नोरीत ग्लुटामेट असते, बोनिटोत इनोसिनेट. त्यामुळे शोयू आणि फुरिकाके मिळून वूस्टरशायरचे काम करतात, तेही जास्त जोरकसपणे.

अडचण एकच होती. वूस्टरशायर पातळ आहे. बटरमध्ये मिसळून तो सीरिअलच्या जाळीत मुरतो. फुरिकाके कोरडे, हलके आणि सपाट तुकड्यांचे. नुसत्या बटरवर ते टिकत नाही. थंड झाल्यावर तीळ आणि नोरी बरणीच्या तळाशी जाऊन बसतात. त्याला चिकटवायला काहीतरी हवेच, आणि साखर व कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला दाट गोड द्रव) यांचा पाक ते काम उत्तम करतो. या मिश्रणातली गोडी मुळात डिंक म्हणून आवश्यक आहे. ती अमाकारा चवीशी जुळली, म्हणून टिकलीही. शाळा, चर्च आणि बौद्ध मंदिरांच्या मदतनिधीसाठी छापल्या जाणाऱ्या पाककृतींच्या पुस्तिका हवाईत फार लोकप्रिय. असे पदार्थ तिथे अशाच मार्गांनी घराघरांत पसरतात. १९८३ मध्ये केलॉग्जचे क्रिस्पिक्स बाजारात आले. एका बाजूने तांदूळ, दुसऱ्या बाजूने मका आणि आत पोकळी असल्याने पाक त्याच्यावर बसतो, आत झिरपत नाही. हवाईच्या कित्येक कृतींत चेक्सऐवजी तेच असते, तरी नावात ‘चेक्स’ कायम आहे.

आज चालणाऱ्या कृतींचे प्रमाण साधारण असे बसते: ३४० ग्रॅम जाळीदार सीरिअल (निम्मे तांदळाचे, निम्मे मक्याचे), १०० ग्रॅम छोटे प्रेट्झेल, ८० ग्रॅम मक्याचे शंकू. पाकासाठी ११५ ग्रॅम बिनमिठाचे बटर, ६० मिली वास नसलेले तेल, १०० ग्रॅम साखर, १२० मिली कॉर्न सिरप, ३० मिली शोयू. फुरिकाके ५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक बाटली. हे सगळे दोन मोठ्या ट्रेमध्ये पसरावे. एकाच ट्रेमध्ये कोंबले तर खालचा थर वाफेत शिजतो आणि कुरकुरीत होत नाही.

बटर बिनमिठाचेच घ्यावे. ३० मिली शोयूमध्ये जवळपास ५ ग्रॅम मीठ असते. प्रेट्झेल आणि फुरिकाके यांचे मीठ त्यात आणखी भर घालते. कॉर्न सिरप टाळून सगळी साखरच वापरली, तर पाक थंड होताना साखरतो आणि तुकड्यांवर पांढरट, खरखरीत थर येतो. सिरपमधले ग्लुकोज आणि त्याच्या लांब साखळ्या साखरेचे कण एकमेकांना चिकटून स्फटिक होऊ देत नाहीत, म्हणून मुलामा काचेसारखा गुळगुळीत राहतो. तेलाचे काम वेगळे आहे. ते पाक सैल ठेवते, त्यामुळे तो पातळ पसरतो आणि मोठे गठ्ठे होत नाहीत. तेल वगळणारे पुष्कळ जण आहेत; त्यांच्या ट्रेमधून चिक्कीसारखे ढेकूळ निघतात.

पातेल्यात बटर, साखर, सिरप आणि तेल मध्यम आचेवर ठेवून साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळावे. एक उकळी आली की गॅस बंद. हा पाक चुलीवर आटवायचा नाही. त्यातले पाणी ओव्हनमध्ये उडवायचे आहे. चुलीवरच घट्ट झालेला पाक सीरिअलवर पडताक्षणी आळतो आणि सारखा पसरत नाही. शोयू शेवटी, गॅस बंद केल्यावर घालावा. थोडा फसफसतो, म्हणून पातेले खोल हवे. चरबी आणि पाक काही मिनिटांत वेगळे होऊ लागतात, म्हणून फेटून लगेच ओतणे चांगले.

ओव्हन १२० अंश सेल्सिअसवर, पंख्याचा असेल तर १०५ ते ११० वर. वेळ एक तास, आणि दर १५ मिनिटांनी तळापासून उलथापालथ. गरम पाक पातळ असतो आणि वाहत तळाशी जातो. हलवले नाही तर खालचे तुकडे जळतात, वरचे कोरडे राहतात. १५० अंशांवर अर्ध्या वेळात उरकायचा मोह हे या पदार्थाच्या बिघाडाचे सर्वांत मोठे कारण. साखर आणि शोयूमधली अमिनो आम्ले जास्त तापमानाला भरभर तपकिरी होतात, तीळ कडवट होतात, नोरीचा हिरवा रंग जाऊन जळकट वास येतो. आणि एवढे होऊनही आतले पाणी पूर्ण उडालेले नसते.

यासाठीच फुरिकाके एकदम घालू नये. निम्मे पाकाबरोबर घातले की त्याचे मीठ आणि उमामी मुलाम्यात उतरते. उरलेले शेवटच्या हलवणीनंतर किंवा ट्रे बाहेर काढल्याबरोबर, पाक चिकट असतानाच भुरभुरावे. रंग आणि वास त्याच्यामुळे टिकतो. तीळ-नोरीचा साधा प्रकार या कामाला सर्वांत भरवशाचा. अंड्याचे दाणे असलेला प्रकार लवकर काळपटतो. वासाबी या झणझणीत जपानी मुळाचा झणका ओव्हनमध्ये उडून जातो, म्हणून तो प्रकार पूर्णपणे शेवटीच घालावा. मासे न खाणाऱ्यांनी बाटलीवरची घटकांची यादी वाचलीच पाहिजे. नावात मासा नसलेल्या कित्येक फुरिकाकेंत बोनिटो असतो.

आरारे घालायचे असतील तर भाजून झाल्यावर, १०० ग्रॅमपर्यंत. त्यांच्यावर शोयू-साखरेचा मुलामा आधीच असतो. तासभर पुन्हा भाजले तर ते दगडासारखे टणक होतात. पॉपकॉर्नवर बटर, फुरिकाके आणि आरारे घालून हवाईत होणारे ‘हरिकेन पॉपकॉर्न’ याच चवीचे भावंड. तिथे मात्र पाक नसतो, त्यामुळे फुरिकाके पिशवीच्या तळाशी साचते आणि खाणारे पिशवी हलवत राहतात.

झाले की नाही हे ट्रेमध्ये बोट घालून कळत नाही, कारण गरम मुलामा नेहमी मऊच लागतो. चार-पाच तुकडे बाहेर काढून तीन मिनिटे गार होऊ द्यावेत. कुरकुरीत झाले तर ट्रे काढावा, चिवट लागले तर आणखी दहा मिनिटे भाजावे. बाहेर काढल्यावर बटर पेपरवर एकेरी थरात पसरावे आणि पहिली पाच-सात मिनिटे हाताने मोकळे करत राहावे. त्यानंतर जुळलेले तुकडे मोडल्याशिवाय सुटत नाहीत.

हवाईची हवा दमट, आणि साखरेचा काचेसारखा मुलामा हवेतले पाणी ओढतो. आधी तो चिकट होतो, मग सीरिअल सादळते. म्हणून पूर्ण गार झाल्यावर लगेच हवाबंद डब्यात भरावे. कोमट असताना झाकण लावले तर आतली वाफच ते मऊ करते. बंद डब्यात दोन आठवडे चांगले राहते. सादळलेच तर ११० अंशांवर १० ते १५ मिनिटे, एकदा हलवून, आणि पुन्हा पसरून गार करावे. मुलामा परत कडक होतो. नोरी मात्र या दुसऱ्या भाजण्यात फिकी पडते, त्यामुळे वरून चमचाभर ताजे फुरिकाके लागते.

ज्या उसाच्या मळ्यांसाठी ही माणसे इथे आली, त्यांतला शेवटचा, माउई बेटावरचा पुउनेने येथील मळा आणि कारखाना डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. ट्रेमधली साखर आता बाहेरून जहाजाने येते, सीरिअलसारखीच.