गर्भपाताची आकडेवारी (भारत)

भारतात वर्षाकाठी किती गर्भपात होतात, याची तीन उत्तरे चर्चेत फिरतात: सरकारी नोंदींचे सुमारे ७ लाख, शांतिलाल शहा समितीचे ३९ लाख आणि २०१५ या वर्षासाठी काढलेले १ कोटी ५६ लाख. तिन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने आले आहेत. वाद घालणारे मात्र सोयीचा तेवढा उचलतात आणि पद्धत सांगत नाहीत.

शहा समिती केंद्राने १९६४ मध्ये नेमली. ७३ जिवंत जन्मांमागे २५ गर्भपात, त्यांपैकी १५ करवून घेतलेले, हे प्रमाण गृहीत धरून तिने ते ५० कोटी लोकसंख्येला लावले. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याला या अहवालाचा आधार होता. पण त्यातले ३९ लाख हे मोजून आलेले नाहीत.

सरकारी आकडा प्रत्यक्ष नोंदींचा, म्हणूनच तो तोकडा. मान्यताप्राप्त केंद्राने दरमहा ठरावीक नमुन्यात जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे माहिती पाठवायची असते. खासगी दवाखान्यांकडून ती नियमित येत नाही. औषधाच्या दुकानातून घेतलेल्या मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या गोळ्यांची नोंद तर होतच नाही. १ कोटी ५६ लाखांचा आकडा देणाऱ्या, २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने ही पोकळी गोळ्यांच्या विक्रीवरून भरली. त्यात सुमारे ७३ टक्के गर्भपात दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झालेले निघाले. दवाखान्यांची पाहणी सहा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे या अभ्यासावरून 'महाराष्ट्राचा वाटा' काढून दाखवणारे गणित बिनबुडाचे आहे.

घरोघरी विचारले तर आकडा कोसळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मध्ये जेमतेम ३ टक्के गर्भारपणांचा शेवट गर्भपातात झाल्याचे नोंदले आहे. वरील अभ्यासात हेच प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आहे. सासू शेजारी बसलेली असताना अनोळखी प्रगणकाला बाई हे सांगणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे 'गर्भपात घटले' हे फक्त अशा सर्वेक्षणावरून म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात वाद पेटतो तो लिंगनिवडीवरून. २०११ च्या जनगणनेत राज्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. हजारातून ८९४ वजा करून '१०६ मुली मारल्या' म्हणणे चूक आहे. निसर्गतः जन्माच्या वेळीच हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली असतात, म्हणजे तूट साधारण ५६ ची. शिवाय ० ते ६ च्या गुणोत्तरात जन्मानंतर हेळसांडीने झालेले मृत्यूही मिसळलेले असतात. लिंगनिवडीसाठी जन्माच्या वेळचे गुणोत्तरच बघायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०१३ ते २०१७ या काळात भारतात जन्मतःच गायब, म्हणजे लिंगनिवडीमुळे जन्मालाच न आलेल्या मुली वर्षाला सुमारे ४ लाख ६० हजार धरल्या. १ कोटी ५६ लाखांशी ताडून पाहिले तर हे १०० गर्भपातांमागे ३ होतात. गुन्हा भयंकर आहेच, पण प्रत्येक गर्भपाताकडे त्याच संशयाने पाहण्याला या आकड्यांचा आधार नाही.

या संशयाची किंमत गर्भपाताच्या गोळ्यांच्या बाबतीत मोजावी लागली. २०१२ नंतर राज्यात औषध दुकानांवर कडक नजर ठेवली गेली आणि अनेक दुकानदारांनी गोळ्या ठेवणेच बंद केले. या गोळ्यांच्या पाकिटाला मान्यता नवव्या आठवड्यापर्यंतची आहे, तर सोनोग्राफीत लिंग भरवशाने कळते बाराव्या आठवड्याच्या पुढे. लिंगनिवड रोखायला गोळ्या अडवणे म्हणूनच चुकीच्या जागी बांध घालणे होते.

'मातामृत्यूंपैकी ८ टक्के गर्भपातामुळे' हा आकडाही जपून वापरावा. तो २००१-०३ चा आहे. तेव्हा लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३०१ होते, २०१८-२० मध्ये ते ९७ वर आले. जुनी टक्केवारी तशीच धरली तरी गर्भपातामुळे होणारे मृत्यू लाखामागे २४ वरून ८ वर येतात. केवळ टक्के सांगितले की ही घट दिसतच नाही.