पन्नाशीनंतर एम.एस.ची पायरी : व्याख्यानं, प्रदर्शनं आणि वर्गांसाठी काय लागतं

जन्म दांडिया बाजारात गेला, स्टेशनवर जाता-येता एम.एस.च्या, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या, आर्ट्स फॅकल्टीचा घुमट हजार वेळा पाहिला, पण आत पाऊल टाकलं नाही, अशी मराठी माणसं बडोद्यात घरटी एक तरी सापडतील. विचारलं की उत्तर ठरलेलं. "आता या वयात तिथं जाऊन काय करायचं? पोरांचं काम ते."

माझ्या मावशीचंही हेच म्हणणं होतं. वय ६१, नातवंडं शाळेत गेली की दुपार मोकळी. शेवटी एका संस्थेच्या भाषावर्गाचा अर्ज तिनं भरला आणि तो परत आला. ती म्हणाली, "बघ, वय काढलं शेवटी." मी कागद पाहिला. वयाचा त्यात उल्लेखही नव्हता. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं. दोन्ही बाया एकच, असं सांगणारा कागद जोडायचा राहिला होता. "मावशी, वय नाही आडवं आलं, नाव आलं," एवढंच मी म्हटलं. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी कागदांपासून सुरुवात करते. पण आधी अर्ज लागतो कुठे आणि लागत नाही कुठे, ते पाहू.

व्याख्यानं : अर्ज नाही, फक्त वेळेवर जायचं

जाहीर व्याख्यानाला सहसा अर्ज नसतो, पात्रता नसते, फी नसते. सूचनेत 'सर्वांसाठी खुले' असं लिहिलंय का, एवढं बघायचं. 'फक्त विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी' किंवा 'नोंदणी आवश्यक' असेल तर तिथला फॉर्म भरायचा. त्यात नाव, फोन आणि व्यवसाय यापलीकडे फार काही नसतं. निवृत्त माणसांनी व्यवसायाचा रकाना रिकामा ठेवू नये. 'निवृत्त शिक्षिका', 'गृहिणी' असं सरळ लिहावं. फाटकावर विचारलं तर दाखवायला ओळखपत्र जवळ असावं.

कुठल्या तारखांवर लक्ष ठेवायचं हे कळलं की निम्मं काम होतं. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, ८ सप्टेंबर साक्षरता दिन. या दिवसांच्या आगेमागे त्या-त्या विषयाच्या विभागांत काही ठरलंय का, ते विचारावं. मराठी मंडळींना तर इथं परकं वाटायचं कारणच नाही. विद्यापीठात मराठी विभाग आहे, आणि २०१८ चं ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच विद्यापीठाच्या मैदानावर भरलं होतं.

प्रदर्शनं

इथं मला जरा थांबू द्या, कारण बडोद्याची खरी दौलत ही आहे. फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली सुरू झाली. इंदूरला जन्मलेले आपले चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे इथं शिकवत होते. वर्ष संपताना तिथले विद्यार्थी आपापलं काम मांडतात, ते बघायला शहर लोटावं इतकं चांगलं असतं. लोटत नाही, ही गोष्ट वेगळी. समोरच कीर्ती मंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, आहे, तिथली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं पाहायला परगावचे लोक येतात आणि आपण रिक्षातून पुढे निघून जातो. पुरातत्त्व विभागाकडे उत्तर गुजरातेतल्या देवनी मोरीच्या बौद्ध स्तूपाच्या उत्खननात मिळालेला अस्थिकलश आहे. विद्यापीठाच्याच प्राच्य विद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं आहेत. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती याच संस्थेनं सिद्ध केली.

एक गोंधळ मात्र नेहमीचा. सयाजीबागेतलं बडोदा संग्रहालय विद्यापीठाचं नाही, ते राज्य सरकारचं आहे. राजमहालाच्या आवारातलं फत्तेसिंह संग्रहालय तिसऱ्याचंच, राजघराण्याशी संबंधित न्यासाचं. तिथली तिकिटं, सुट्ट्या, नियम वेगळे. विद्यापीठात अर्ज करून सयाजीबागेची परवानगी मागणारे गृहस्थ मी पाहिलेत.

विद्यार्थ्यांच्या खुल्या प्रदर्शनाला एकट्यादुकट्यानं जायला अर्ज लागत नाही. विभागातला संग्रह, हस्तलिखितं किंवा उत्खननातल्या वस्तू बघायच्या असतील तर मात्र आधी पत्र द्यावं. महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा भिशीचा गट (हो, भिशीचाही चालतो) जाणार असेल तर पत्राशिवाय जाऊच नये. पत्र संबंधित विभागप्रमुखांच्या नावे, इंग्रजीत किंवा गुजरातीत, एका पानाचं. त्यात पाच गोष्टी हव्यात : कोण येणार, किती जण, काय बघायचंय, कुठला दिवस, आणि तो दिवस नाही जमला तर दुसरा कुठला. खाली एकाच माणसाचं नाव आणि फोन. बारा जणींच्या बारा सह्या नकोत, त्यानं काम वाढतं. जिना चढता न येणारं कुणी असेल तर तेही लिहा. फोटो काढायचे असतील तर त्याची परवानगी त्याच पत्रात मागा. ऐनवेळी मोबाइल वर केला की नाराजी ओढवते. पत्राची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर आवक शिक्का घ्यायचा.

वर्ग : इथं पात्रता सुरू होते

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली विस्तारकार्य, म्हणजे शिकवणं आणि संशोधनाखेरीज समाजासाठी करायचं काम, हे विद्यापीठांचं तिसरं कर्तव्य मानलं. एम.एस.मध्ये प्रौढ आणि निरंतर शिक्षणाचं काम पाहणारं स्वतंत्र केंद्र आहे ते या धोरणाच्या वाटेवरचंच. शिवाय आर्ट्समध्ये फ्रेंच, जर्मन, रशियन शिकवणारे विभाग आहेत. सुरसागर तलावाच्या काठी परफॉर्मिंग आर्ट्सची, म्हणजे गाणं-नाच-नाटकाची, फॅकल्टी आहे. तिचं मूळ १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेत. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पुढे फिरत्या पेट्यांतून गावोगाव पुस्तकं पोचवली. मोठ्या माणसांनी शिकावं ही कल्पना या शहरात नवी नाही, एवढंच सांगायचं आहे.

'प्रौढ शिक्षण' म्हटलं की पुष्कळांना साक्षरता वर्ग आठवतो. ती वाट निराळी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, वय १५ किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७ या काळासाठी. त्याच्या शेवटी वाचन, लेखन आणि आकडेमोड अशा तीन भागांची, प्रत्येकी ५० मिळून १५० गुणांची परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळतं. घरी कामाला येणाऱ्या ताईंना शिकायचं असेल तर जवळच्या सरकारी शाळेत विचारावं किंवा 'उल्लास' ॲपवर नाव नोंदवून द्यावं. गुणपत्रिका तिथं कोण मागणार!

आता विद्यापीठाचे वर्ग. पहिला प्रश्न : तुम्हाला पदवी हवी आहे की प्रमाणपत्र? नियमित पदवी असेल तर गुजरातच्या सरकारी विद्यापीठांसाठीच्या जीकॅस या सामाईक पोर्टलवर नोंदणी करायची, तिथं एम.एस.चा अभ्यासक्रम निवडायचा. अल्पमुदतीचा किंवा प्रमाणपत्राचा वर्ग असेल तर त्या फॅकल्टीची किंवा विभागाची स्वतंत्र जाहिरात शोधायची. या दोन रांगा मिसळू नका. पदवीच्या पोर्टलवर प्रमाणपत्राचा वर्ग शोधत बसलात तर आठवडा जाईल.

जाहिरातीत चार ओळी शोधायच्या : किमान शिक्षण, वयाची अट, वर्गाची वेळ आणि चाचणी. वयाची वरची मर्यादा छापलेली नसेल तर ती नाही असंच धरायचं; आपण होऊन 'मी ज्येष्ठ नागरिक आहे, चालेल का' असं विचारून शंका पेरू नये. किमान शिक्षण दहावी की बारावी यावर मात्र अडतं. जुनी अकरावीची मॅट्रिक झालेल्यांनी गुणपत्रिका घेऊन अर्जाआधीच कार्यालयात जावं आणि ती कशाच्या बरोबरीची धरतात ते लेखी विचारावं. गाण्या-नाचाच्या, चित्रकलेच्या प्रवेशाला चाचणी असू शकते. तिथं प्रमाणपत्रांपेक्षा हात आणि गळा बघतात.

दुसरीकडे कुठे आधीच शिकत असाल, मुक्त विद्यापीठातून बी.ए. वगैरे, तरी घाबरू नका. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला अनुदान आयोगाने २०२२ पासून परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गाचे असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत.

कागद

नेहमीचे कागद असे : शाळा सोडल्याचा दाखला (बडोद्यात सगळे 'एलसी' म्हणतात), शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचे पासपोर्ट आकाराचे फोटो. शेवटची परीक्षा महाराष्ट्र बोर्डातून किंवा बाहेरच्या विद्यापीठातून दिली असेल तर मायग्रेशन (आधीचं बोर्ड किंवा विद्यापीठ सोडल्याचं) आणि एलिजिबिलिटी (इथल्या प्रवेशाला पात्र असल्याचं) सर्टिफिकेट मागू शकतात. लग्न होऊन इकडे आलेल्यांना हे हमखास लागू. जाहिरातीत मागितलं असेल तरच या सर्टिफिकेटांच्या मागे लागा. फीसवलत किंवा राखीव जागा हवी असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला गुजरातचा लागतो. मूळ गाव सातारा म्हणून साताऱ्याहून काढून आणलेला दाखला इथं उपयोगी पडेल असं धरून चालू नका.

गुणपत्रिका हरवली असेल तर गुजरात बोर्डाच्या ऑनलाइन विद्यार्थी सेवेतून डुप्लिकेट मागता येते. त्यासाठी वर्ष आणि बैठक क्रमांक लागतो, तो एखाद्या जुन्या वहीत किंवा शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडतो. महाराष्ट्रातल्यांनी आपापल्या विभागीय मंडळाकडे विचारावं.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडी गुजराती. आवक म्हणजे उत्पन्न, त्यामुळे 'आवकनो दाखलो' म्हणजे उत्पन्नाचा दाखला. वर मी आवक शिक्का म्हटला तो मराठी अर्थानं, कागद आत आल्याचा. 'रहेठाणनो पुरावो' म्हणजे पत्त्याचा पुरावा, 'सोगंदनामुं' म्हणजे प्रतिज्ञापत्र, 'खरी नकल' म्हणजे ट्रू कॉपी. 'पहोंच' म्हणजे पावती. ती मागायला लाजू नका.

नाव

मावशीकडे परत. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि माहेरची सुनंदा सासरची माधुरी झाली. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. म्हणजे एका माणसाचे तिन्ही शब्द वेगळे. कार्यालयातल्या माणसानं ओळखावं कसं? त्याचा काय दोष?

यावर सगळ्यात सोपा पूल म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. त्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं हवीत; नसतील तर प्रमाणपत्र असूनही उपयोग अर्धाच. जुन्या लग्नांची नोंदणीच झालेली नसते. ती आजही करता येते, पण साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो जमवण्यात वेळ जातो, म्हणून जाहिरात यायची वाट बघू नका. पहिलं नावच बदललेलं असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं की राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते, ते कार्यालयाला विचारून मगच खर्च करा. प्रतिज्ञापत्र चालू दराच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर, आणि मजकुरात दोन्ही नावं कागदांवर आहेत तशीच्या तशी, अक्षरासकट.

पुरुषांनी हसू नये. गुजराती कागदांत नावाला 'भाई' आणि 'बेन' चिकटतं, मराठी कागदांत 'राव' आणि 'बाई'. एलसीवर वसंतराव, आधारवर वसंतभाई, पॅनवर नुसता वसंत, असे एकाच घरात तीन वसंत मी पाहिलेत. गायकवाड मंडळींची तर कमालच. इंग्रजीत बडोद्याच्या पद्धतीनं मधे 'ए-ई', पुण्याकडे 'ए-आय'. फरक एका अक्षराचा, पण ऑनलाइन फॉर्म आधारशी ताडून पाहायला लागला की तेवढाच पुरतो. अर्जात नाव लिहिताना गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरावं आणि आधारमधला फरक आधीच दुरुस्त करून घ्यावा, हा माझा अनुभव. उलटं केलं तर पुढे प्रमाणपत्रावर कुठलं नाव छापायचं तिथं पुन्हा अडतं.

भरताना आणि दिल्यानंतर

कागद झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून फोनमध्ये ठेवा, प्रत्येक फाइलला नाव द्या. फोन नंबर स्वतःचा द्या, मुलाचा नको. ओटीपी येतो तेव्हा मुलगा ऑफिसात मीटिंगमध्ये असतो. प्रत्येक झेरॉक्सवर स्वतः सही करून तारीख घाला आणि मूळ कागद तपासणीला न्या, पण तिथं ठेवून येऊ नका, म्हणजे जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलं नसेल तर. फी भरली की व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या. अर्ज परत आला तर कारण लेखी मागा आणि शेवटच्या तारखेच्या आत त्रुटी भरून काढता येते का ते तिथल्या तिथे विचारा.

मावशीची विवाह नोंदणी झाली. साक्षीदार म्हणून तिच्या लग्नातली करवली शोधून आणावी लागली, ती आता ५८ वर्षांची आहे आणि कारेलीबागेत राहते. परतताना रिक्षात तिनं मावशीला विचारलं, "तो वर्ग दुपारचाच आहे ना गं? मला काय काय लागेल?"