क्यूबेकच्या सरकारी दुकानातून गांजा: पात्रता, कागदपत्रं आणि खरी अडचण

मॉन्ट्रियलला शिकायला आलेल्या मुलांचा पहिल्याच महिन्यात प्रश्न येतो: "इथे गांजा चालतो ना?" चालतो. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडाभर. पण कोणी विकायचा आणि किती वयाला, हे प्रत्येक प्रांताने आपापलं ठरवलं. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकमध्ये तो फक्त एसक्यूडीसी ही सरकारी कंपनी विकते. पहिल्या दिवशी १२ दुकानं उघडली आणि माल इतका अपुरा पडला की काही काळ सोमवार ते बुधवार कुलूप लावावं लागलं.

पात्रता म्हणजे २१ वर्षं पूर्ण. बस. नागरिकत्व लागत नाही, पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) लागत नाही, अर्ज किंवा नोंदणीही नाही. आधी अट १८ ची होती. १ जानेवारी २०२० पासून २१ झाली. शेजारच्या ओंटॅरिओत १९ आहे. त्यामुळे १९ वर्षांच्या मुलाने ओटावात रीतसर घेतलेली पुडी पूल ओलांडून क्यूबेकमधल्या गातिनोत आणली, की तीच बेकायदा!

कागद एकच: सरकारने दिलेलं, फोटो आणि जन्मतारीख असलेलं मूळ ओळखपत्र. नव्या विद्यार्थ्यासाठी पासपोर्ट सर्वात सोयीचा. स्टडी परमिट नेऊ नका, त्यावर फोटोच नसतो. वय दारातच तपासतात. धाकटा भाऊ सोबत असेल तर त्याला आत सोडत नाहीत, "मी नुसता उभा राहतो" हे चालत नाही. ऑनलाइन मागवलं तर पार्सल घेतानाही ओळखपत्र दाखवावं लागतं.

एका खेपेला जास्तीत जास्त ३० ग्रॅम सुका गांजा मिळतो, आणि सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगायची मर्यादाही तेवढीच. घरात १५० ग्रॅम. कुंडीत रोप मात्र लावायचं नाही. क्यूबेकची ही बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवली.

आता अडचण. हे दुकान मुद्दामच नीरस ठेवलं आहे. जाहिरात नाही, मांडणी नाही, माल काउंटरमागे. टीएचसी (नशा आणणारा घटक) ३० टक्क्यांपर्यंतच, आणि मुलांना भुरळ पडेल अशा गोळ्या-चॉकलेटं नाहीत. हेतू चांगला आहे, पण ज्याला तेच हवं असतं तो बेकायदा वेबसाइटकडे वळतो, आणि त्या साइट अगदी अधिकृत दिसतात. ओळखायची खूण म्हणजे पाकिटावरचं अबकारी तिकीट. त्यावर प्रांताचं नाव छापलेलं असतं.

त्याहून गमतीशीर म्हणजे सरकार विकतं, पण ओढायचा कुठे? रस्त्यावर नाही, कॅम्पसवर नाही. राहिलं घर, आणि तिथे भाडेकराराची अट आड येऊ शकते. करार आधी वाचा.

नशेत गाडी चालवणं तर विषाची परीक्षा. २०१८ च्या डिसेंबरपासून या गुन्ह्याला कमाल १० वर्षांची शिक्षा आहे, आणि इमिग्रेशनच्या भाषेत तो 'गंभीर गुन्हा' ठरतो. नुसता दंड भरून सुटलात तरी पीआर अडकू शकतो.

सीमा ओलांडताना जवळ काहीही नको, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) तेलसुद्धा नको. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने मनाई आहे, भारतात अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. आणि उलट दिशेने, होळीसाठी आईने डब्यात घातलेली भांगेची गोळी कॅनडात आणणं हाही गुन्हाच.