मधोमध गोटा, कडेला केस

भाच्याच्या ३९० सीसीच्या गाडीचा मागचा टायर पंक्चरवाल्याने रिमवरून उतरवला आणि भिंतीला टेकवला. मधला चार बोटांचा पट्टा झिजून सपाट, अगदी गोटा. दोन्ही कडांना मात्र कोऱ्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून शाबूत. ‘करूळ घाटात गाडी लई झोपवतो’, म्हणजे वळणावर खूप कलवतो, असं सांगणाऱ्या भाच्याने हळूच मान वळवली. त्याचं खरं रायडिंग म्हणजे रोज कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी आणि महिन्यातून एकदा पुणे. सगळा सरळ हायवे.

“मामा, आता चिकट टाकू का टिकणारा?”

दुकानात सगळे हेच विचारतात. पण ही दोन टोकं एकमेकांच्या वाटेत नेमकी कुठे येतात, हे रबरात शिरल्याशिवाय कळत नाही.

आधी एक छोटा हिशेब. गाडी आणि स्वार मिळून २५० किलो धरू, त्यातला निम्मा भार मागच्या चाकावर. हवा ३२ पीएसआय. भाराला दाबाने भागलं की टायर रस्त्याला टेकतो ती जागा निघते: सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर. एटीएम कार्डापेक्षा जराशी मोठी. वळणावर गाडी ४५ अंश झोपली, तर एवढ्याशा तुकड्याला त्याच्यावरच्या भाराइतकाच आडवा जोर पेलावा लागतो. म्हणजे घर्षणगुणांक किमान १ हवा. चांगलं रबर कोरड्या डांबरावर तो देतं, वरही जातं.

कसं? थोडं काम रेणूंच्या आकर्षणाचं: रबर खडीला अक्षरशः चिकटतं. पण मोठी मजा दुसरीकडे आहे. दोन चेंडू घ्या. एक टणाटण उसळतो, दुसरा थप्पकन पडून राहतो. ग्रिपसाठी दुसरा बरा. खडीच्या टोकावरून घसरताना रबर दबतं, पुढे जाऊन पुन्हा फुगतं. फुगताना त्याने सगळी ऊर्जा परत केली, तर खडीच्या मागच्या उतारावरून ते चाकाला पुढेच ढकलेल आणि ही पकड शून्य. ते आळशीपणाने, उशिरा फुगतं. मधल्या ऊर्जेची उष्णता होते आणि तेवढा विरोध आपल्याला मिळतो. ग्रिप म्हणजे रबराने वाया घालवलेली ऊर्जा.

हा आळस तापमानावर ठरतो. गुळाची चिक्की आठवा. परातीत गरम असताना वाकते, ओढली तर लांबते; गार झाली की काचेसारखी तुटते. रबराचंही असं एक ‘काचेचं’ तापमान असतं. ब्युटाडाईन या कृत्रिम रबराचं शून्याखाली सुमारे १०० अंश, नैसर्गिक रबराचं उणे ७०च्या आसपास. स्टायरीन हे रसायन मिसळत जाल तसं ते वर सरकतं. काचेच्या सीमेजवळचं रबर सगळ्यात आळशी, म्हणजे सगळ्यात पकडदार. सीमेपासून लांब असलेलं ब्युटाडाईन मात्र चपळ, सहज न झिजणारं, आणि ओल्या रस्त्यावर निसरडं. कंपाउंड म्हणजे टायरच्या रबराचं हे मिश्रण, आणि ते बनवणाऱ्याची कसरत इथेच असते.

आणि इथे एक भन्नाट फट आहे. वेगाने हलवलेलं रबर गार झाल्यासारखं वागतं. ताशी ७२ किलोमीटरने जाताना चाक सेकंदाला दहाएक वेळा फिरतं, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग दहा वेळा चेपतो. पण ब्रेक मारल्यावर खडीच्या बारीक कंगोऱ्यांवरून घसरणारं रबर सेकंदाला हजारो, लाखभर वेळासुद्धा थरथरतं. दहाच्या चालीला चपळ आणि हजारोंच्या चालीला आळशी असं रबर जमवलं, तर टायर फुकट तापणार नाही आणि पकडही सुटणार नाही. १९९०च्या दशकात रबराला बळकटी द्यायला घालतात त्या काजळीच्या जागी सिलिका (वाळूतलंच द्रव्य) वापरायला लागले ते याच फटीत शिरण्यासाठी. ओल्या रस्त्यावरची पकड तिने सुधारली. आणि करूळ घाटाच्या माथ्यावरच्या गगनबावड्याच्या पावसात जाणाऱ्याला दुसरं काय हवं!

मग रेसचा टायर का नको? कारण त्याची चिक्की वेगळ्याच आचेची. ट्रॅकवर उतरण्याआधी त्याला ब्लँकेट गुंडाळून ८०-९० अंशांपर्यंत तापवतात. डिसेंबरच्या सकाळी बालिंग्याच्या पुलावरून निघालेला टायर त्याच्या जवळपासही जात नाही. थंड असताना तो खडीत नीट बसत नाही, घसरतो, आणि वरचा थर सोलून निघतो. पकड नाही ती नाही, वर झीज. पैसे जास्त मोजून दोन्हीकडून तोटा. माझ्या मते गावातल्या रस्त्यांवर त्याला काही अर्थ नाही.

भाच्यासाठी उत्तर सरळ होतं: मध्ये कडक, कडेला मऊ असा दुहेरी कंपाउंडचा स्पोर्ट-टुरिंग टायर. हायवेवर मधला पट्टा झिजतो, म्हणून तिथे टिकाऊ रबर. घाटात कड टेकते, तिथे चिकट. शिवाय मधोमध सपाट झालेल्या टायरला एक खोड असते: झोपवताना त्याच्या कोपऱ्यावरून गाडी एकदम पडल्यासारखी कलते. ते टाळायचं, तर मधला पट्टा कमी झिजलेलाच बरा. ऊसहंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून सांडलेली चिखलमाती आणि पाचट यांच्यावर मात्र कुठलंच कंपाउंड चालत नाही. तिथे रबर रस्त्याला टेकतच नाही.

दुकानदाराने नवा टायर पुढे केला. मी बाजूवरचे चार आकडे बघितले: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. पडून राहिलेलं रबर कडक होत जातं, मग किंमत काहीही असो. माल ताजा होता.

बसवून झाल्यावर दुकानदाराने बजावलं, “साच्यातनं नवा निघालाय, गुळगुळीत हाय. शे-दीडशे किलोमीटर झोपवू नका.”

भाच्याने हो म्हटलं, पण चेहरा गगनबावड्याकडे होता. म्हणून पहिल्या फेरीला मी ताईला मागे बसवून त्याला जोतिबाला पाठवला.