ट्रायकोकार्ड

ट्रायकोकार्ड म्हणजे पतंगाची अंडी चिकटवलेला जाड कागदाचा तुकडा, आणि त्या अंड्यांच्या आत वाढत असते ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की डंख आठवतो, पण ही एक मिलिमीटरपेक्षाही लहान, माणसाला काहीच करत नाही. वांगी, टोमॅटो, भेंडीवरच्या अळ्यांसाठी आपल्याकडे वापरतात, उसात तर खोडकिडीसाठी बरीच वर्षं चालूच आहे.

ट्रायकोग्रामाची मादी पतंगाची अंडी शोधते आणि त्यात आपलं अंडं घालते, मग आतली पिल्लं त्या अंड्यातला बलक खाऊनच वाढतात, ३-४ दिवसांत पतंगाचं अंडं काळं पडतं आणि साधारण ७ ते १० दिवसांत त्याला बारीक भोक पाडून नवीन माशी बाहेर. म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. वांग्यात याचा खरा फायदा, कारण शेंडेअळी अंड्यातून निघाली की लगेच शेंड्यात नाहीतर फळात घुसते, मग वरून कितीही औषध मारा, ती आत मजेत.

लॅबमध्ये ज्वारीच्या भरड्यावर तांदळाचा पतंग वाढवतात, त्याची अंडी अतिनील प्रकाशाखाली धरतात म्हणजे त्यातून अळी निघत नाही पण ट्रायकोग्रामाला ती चालतात. एका कार्डावर साधारण १८ ते २० हजार अंडी बसतात. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, ऊन आणि मुंग्या लागू द्यायच्या नाहीत, आणि दर आठवड्याला परत लावायच्या.

बहुतेक लोक चुकतात ते टायमिंगला. फळात अळी दिसल्यावर कार्ड आणलं तर उपयोग शून्य, ही माशी अळीला हातच लावत नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा) पतंग पडायला लागले की तेव्हाच लावायचं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर हे चालत नाही (पांढऱ्या माशीसाठी एनकार्सिया ही वेगळी गांधीलमाशी आहे, इंग्लंडात १९२०च्या दशकात काचगृहातल्या टोमॅटोवर वापरात आली). आणि कार्ड लावून दुसऱ्या दिवशी कडक कीटकनाशक फवारलं तर पैसे पाण्यात, आधी मरते ती हीच.

कार्ड फ्रीजमध्ये थोडेच दिवस टिकतं, डीपफ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये, आतली पिल्लं मरतात.