आर्ग्युमेंट अनपॅकिंग

प्रोग्रॅमिंगमधे लिस्ट, टपल (न बदलता येणारी यादी) किंवा तसलंच काहीतरी एकत्र बांधलेलं असतं, ते फंक्शन कॉल करताना सोडायचं आणि आतली एकेक व्हॅल्यू वेगळं आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेली वेगळी किंमत, म्हणून द्यायची, याला आर्ग्युमेंट अनपॅकिंग म्हणतात. रुबीवाले याला स्प्लॅट म्हणतात, जावास्क्रिप्टवाले स्प्रेड.

समजा क्षेत्रफळ(लांबी, रुंदी) असं फंक्शन आहे आणि हातात मापं = [4, 7] अशी लिस्ट आहे. पायथनमधे क्षेत्रफळ(मापं) लिहिलं की टाइपएरर येतो, रुंदी मिळालीच नाही म्हणून, कारण त्याच्या लेखी अख्खी लिस्ट म्हणजेच लांबी. तेच क्षेत्रफळ(*मापं) लिहा, 4 आणि 7 आपापल्या जागी जाऊन बसतात आणि 28 मिळतात. (देवनागरी नावं पायथन 3 ला खरंच चालतात.) डिक्शनरी (नाव आणि व्हॅल्यू यांच्या जोड्या, त्यातलं नाव म्हणजे 'की') असेल तर दोन स्टार, मग ती 'की' बघून व्हॅल्यू त्या नावाच्या पॅरामीटरला, म्हणजे फंक्शनमधे लिहिलेल्या लांबी-रुंदीसारख्या जागेला, जाते, क्रम कसाही असो.

नवीन माणूस हमखास गोंधळतो तो इथे: फंक्शन लिहिताना पॅरामीटरला लावलेला स्टार नेमका उलटं काम करतो. डेफ बेरीज(*आकडे) मधला स्टार येतील तेवढी आर्ग्युमेंट्स गोळा करून एक टपल बांधतो, आणि कॉलमधला स्टार बांधलेलं सोडतो. चिन्ह एकच, कामं दोन, आणि माझ्या मते शिकवताना हे दोन्ही एकाच दिवशी सांगू नये.

याचा सगळ्यात देखणा वापर म्हणजे झिप(*तक्ता). तक्ता [[1, 2, 3], [4, 5, 6]] असेल तर स्टारमुळे दोन ओळी दोन वेगळी आर्ग्युमेंट्स होतात, झिप त्यांच्यातून जोड्या काढतं, (1, 4), (2, 5), (3, 6), म्हणजे ओळींचे कॉलम झाले आणि लूप एकही लिहावा लागला नाही.

कल्पना जुनीच आहे, लिस्प या जुन्या भाषेतलं अप्लाय हेच करतं. पायथनमधेही आधी अप्लाय नावाचं फंक्शन होतं, 2000 साली कॉलमधला स्टार आला आणि पायथन 3 मधून अप्लाय काढूनच टाकलं. एका कॉलमधे कितीही स्टार चालायला लागले ते 3.5 पासून, 2015 मधे, आणि त्याच वर्षी जावास्क्रिप्टला तीन टिंबांचा स्प्रेड मिळाला. त्याआधी लोक मॅथ.मॅक्स.अप्लाय(नल, आकडे) असं लिहायचे, आणि तो नल कशाला हे विचारलं की समोरचा विषय बदलायचा. पीएचपीत 5.6 पासून आहे, 2014.

गो भाषेतही स्लाइसनंतर (तिथली लिस्टसारखी गोष्ट) तीन टिंबं देतात, पण तिथे खरं तर काहीच सुटत नाही, स्लाइस आहे तशीच व्हेरिअ‍ॅडिक, म्हणजे कितीही आर्ग्युमेंट्स घेणाऱ्या, पॅरामीटरला जाते, त्यामुळे आत एखादा एलिमेंट बदलला तर बाहेरचाही बदलतो. ठरावीक दोन पॅरामीटरच्या फंक्शनला ती अशी देताच येत नाही.

खड्डे बरेच आहेत. स्ट्रिंगसुद्धा सुटते. मी एकदा मेल पाठवणाऱ्या फंक्शनला पाठव(*पत्ते) म्हणून कॉल दिला, पत्ते मधे लिस्टऐवजी एकच पत्ता स्ट्रिंग म्हणून आला होता, तर प्रत्येक अक्षर वेगळा पत्ता समजून बिचारं फंक्शन कामाला लागलं, एरर आला तो तिसरीकडेच. डिक्शनरीला एकच स्टार लावला तर फक्त कीज जातात. सेटला लावला तर कुठली व्हॅल्यू आधी जाईल याचा भरवसा नाही. जनरेटरला (मागेल तशी एकेक व्हॅल्यू देणारा) लावला तर तो तिथेच संपतो, पुन्हा वापरायला गेलात तर रिकामा. जावास्क्रिप्टमधे लाखो आकड्यांचा अ‍ॅरे मॅथ.मॅक्स ला स्प्रेड करून दिला तर रेंजएरर येऊ शकतो, कारण प्रत्येक आकडा स्टॅकवर, म्हणजे कॉलसाठी ठेवलेल्या मर्यादित मेमरीत, जागा मागतो, तिथे साधा लूप किंवा रिड्यूस बरा.

पर्लचं दुखणं उलटं. तिथे अ‍ॅरे सबरूटीनला (पर्लमधलं फंक्शन) दिला की न सांगताच सुटतो, दोन अ‍ॅरे दिले तर दोन्ही मिसळून एकच लांबलचक यादी आत जाते, पहिला कुठे संपला ते कळत नाही, म्हणून तिथे अ‍ॅरे बांधलेला ठेवायलाच त्याचा रेफरन्स, म्हणजे अ‍ॅरेऐवजी त्याचा पत्ता, द्यावा लागतो.